‘सुलतानाज ड्रीम’ घेणार असाल तर ‘पद्मराग’ सोबत असलेली प्रत घ्या, स्वस्तातली अजिबात नको

आधीच सांगून ठेवते, रिव्ह्यू लांब होणारे. एकाच गोष्टीच्या तीन प्रती वर्षभरात घरात आल्या, त्यातली एक खराब निघाली, एक कामाची आणि एक नुसती बघत बसावी अशी, तर दुसऱ्या कुणाचे पैसे पाण्यात जायला नकोत म्हणून लिहितेय. मी काही समीक्षक वगैरे नाही, मुलींच्या शाळेच्या ऑफिसात ३१ वर्षं काढली, शेवटची काही वर्षं हेडक्लार्क, फी, दाखले, जनरल रजिस्टर आणि स्कूलबसच्या तक्रारी हे सगळं माझ्या टेबलावर. हे कशाला सांगतेय ते पुढे कळेल.

पुस्तक बेगम रोकेया सखावत हुसेन यांचं. बंगालच्या. आमची वाचनाची भिशी आहे, महिन्यातून एकदा एकीकडे जमतो, पैशांऐवजी पुस्तक निघतं आणि जिच्याकडे जमलो तिने साबुदाणा वडे करायचे. त्यात मार्चमध्ये कुणीतरी म्हणालं की ८ मार्चला शाल-श्रीफळापेक्षा काहीतरी वाचू या, आणि चिठ्ठीत हे नाव निघालं. मी लगेच ऑनलाइन शोधलं, सगळ्यात स्वस्त जी प्रत दिसली ती मागवली. इथेच चूक झाली.

प्रत नंबर एक. विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण ओळखायची खूण सांगते. गोष्ट जुनी आहे, कॉपीराइट संपलेलं आहे, त्यामुळे कुणीही उठतो नेटवरून मजकूर उचलतो आणि ऑर्डर आली की छापून पाठवतो. मुखपृष्ठावर कुठल्यातरी राजस्थानी नर्तकीचा फोटो, घागरा गरगर फिरतोय. रोकेयाबाईंचा आणि त्या घागऱ्याचा काय संबंध ते छापणाऱ्यालाच माहीत. आत पानांना नंबर नाहीत. अहो, नंबर नाहीत! मी आयुष्यभर रजिस्टरला पान नंबर टाकून वर ‘या रजिस्टरमध्ये एकूण अमुक पाने आहेत’ असा दाखला लिहून सही घेतलेली बाई, मला ते बघूनच कसंतरी झालं. प्रस्तावना नाही, लेखिका कोण, कधीची, एक ओळ नाही. काही ठिकाणी दोन शब्द चिकटलेले, एका ठिकाणी अर्धा परिच्छेद दोनदा. तरी वाचली, कारण गोष्ट पंधरा-वीस पानांचीच आहे आणि हातातून सुटत नाही. त्या प्रतीत आणखी एक घोटाळा होता, तो मला दोन महिन्यांनी कळला, तो शेवटी सांगते.

आता गोष्ट. १९०५ साली ही मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली, इंग्रजीत. (हे मासिक चालवायच्या कमला सत्तिनाथन, आणि गंमत बघा, त्यांच्या नवऱ्याची पहिली बायको कृपाबाई म्हणजे आपल्या अहमदनगरची, खिस्ती घराण्यातली, जिने ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या इंग्रजी कादंबऱ्या लिहिल्या नि १८९४ला गेली. नगरच्या किती जणांना माहितीये?) तर एक बाई, सुलताना, आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीचा विचार करता करता पेंगते. तिला सिस्टर सारा नावाची मैत्रीण न्यायला येते आणि दोघी भर दिवसा रस्त्यावर फिरायला निघतात. सुलताना बुरख्यातली, कधी अशी उघड्या तोंडाने बाहेर पडलेली नाही, ती संकोचाने अंग चोरून चालते तर रस्त्यावरच्या बायका हसतात. काय म्हणतात विचारलं तर सारा सांगते, तू फार ‘पुरुषी’ दिसतेस म्हणतात. पुरुषी म्हणजे? म्हणजे लाजरी-बुजरी, घाबरट. मी इथे एकटीच फसकन हसले, आमचे हे चहा पीत होते, विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

त्या देशात पुरुष घरात असतात. जनानखान्याऐवजी मर्दाना. बाहेरचं सगळं बायका बघतात. सुलताना म्हणते अहो पण असं कसं, पुरुषाला कोंडता? तर सारा विचारते, वेड्यांच्या इस्पितळातून वेडे सुटले आणि माणसांना, घोड्यांना त्रास द्यायला लागले तर तुम्ही कुणाला कोंडता, वेड्यांना की शहाण्यांना? सुलताना म्हणते वेड्यांनाच की. मग तुमच्या देशात उलटं का करता, उपद्रव देऊ शकतो तो मोकळा आणि निरुपद्रवी बाई आत? ती म्हणते पुरुष ताकदवान असतो, तर सारा म्हणते सिंह माणसापेक्षा ताकदवान असतो म्हणून काय तो राज्य करतो का. मेंदू मोठा असतो म्हणावं, तर हत्तीचा त्याहून मोठा असतो. हे सगळं एखादी मोठी बहीण स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता बोलेल तसं चाललंय, आवाज चढत नाही कुठे.

आणि हिशोब! मला सगळ्यात आवडला तो हिशोब. सुलताना विचारते की ऑफिसचं काम आणि घरचं काम सगळं तुम्ही कसं उरकता. सारा म्हणते रोज दोन तास काम करतो, बस होतं. पुरुषांना सात तास का लागायचे? एक चिरूट जळायला अर्धा तास धरा, माणूस दिवसाला बारा ओढतो, म्हणजे सहा तास धुरातच गेले. मी ३१ वर्षं ऑफिसात होते, चिरूट नव्हते पण चहा, तंबाखू, खाली जाऊन येतो, साहेब आहेत का बघून येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता तर मोबाईल आहे. मी आमच्या ह्यांच्या मोबाईलमध्ये स्क्रीन टाइम उघडून दाखवला, त्यांनी मग माझा उघडून दाखवला, तो विषय तिथेच मिटला.

लढाईचा भाग मोठा झकास आहे, शेजारच्या राजाचं सैन्य चालून येतं, पुरुष हरतात, मग विद्यापीठाच्या प्रिन्सिपल बाई दोन हजार विद्यार्थिनी घेऊन निघतात आणि सूर्याची साठवलेली उष्णता आरशाने फेकावी तशी शत्रूवर सोडतात, शत्रू पळत सुटतो. त्या आधी अट घातलेली असते की आम्ही बाहेर पडायचं तर पुरुषांनी आत जायचं. ते दमलेले असतात, मान खाली घालून जातात, ते गेले ते आतच. त्या सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाकही होतो, स्वयंपाकघर भाज्यांच्या बागेतच, धूर नाही की धुराडं नाही. दुसरं विद्यापीठ ढगातलं पाणी परस्पर खाली ओढून घेतं. ही सगळी संशोधनं चाललेली असताना पुरुष त्याला ‘भावुक दुःस्वप्न’ म्हणून हसायचे. सोलर कुकर गच्चीवर ठेवून डाळ शिजवणाऱ्या माझ्या पिढीला १९०५ साली हे कुणी लिहिलंय हे वाचून जरा चक्रावायलाच होतं.

तर मग ही बाई कोण, ते माझ्या त्या घागऱ्याच्या प्रतीत नव्हतं. म्हणून प्रत नंबर दोन.

प्रत नंबर दोन पेंग्विनची, ‘सुलतानाज ड्रीम’ आणि ‘पद्मराग’ एकत्र. ‘पद्मराग’ ही रोकेयांची कादंबरी, बंगालीत १९२४ला आली, तिचं इंग्रजी भाषांतर आणि प्रस्तावना बर्निता बागची यांची. हीच घ्या. अक्षर मला चष्म्याशिवाय जमलं नाही, आणि इंग्रजी सरळ असलं तरी मधूनमधून नात्यांचा गोंधळ होतो म्हणून मी पहिल्या पानावर पेन्सिलीने कोण कुणाची कोण ते लिहून ठेवलंय, तुम्हीही लिहा.

रोकेया १८८०च्या, रंगपूर जिल्ह्यातलं पायराबंद गाव, आता बांगलादेशात. वडील जमीनदार, चार लग्नं. घरात मुलींना कुराण वाचण्यापुरतं अरबी आणि उर्दू चालायचं, बंगाली नाही आणि इंग्रजीचं तर नावच नको. पाचव्या वर्षापासून पडदा, तोही बाहेरच्या बायकांपासूनसुद्धा. थोरला भाऊ इब्राहिम साबेर रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात तिला इंग्रजी शिकवायचा, आणि मोठी बहीण करीमुन्निसा बंगालीसाठी पाठीशी उभी. ‘पद्मराग’ याच भावाला अर्पण केलीय. लग्न भागलपूरच्या सय्यद सखावत हुसेन यांच्याशी, ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट, विधुर, वयाने बरेच मोठे. पण माणूस चांगला निघाला. ते दोन दिवस दौऱ्यावर गेलेले तेव्हा वेळ जात नाही म्हणून तिने ही गोष्ट लिहिली, ते परत आले, उभ्या उभ्याच सगळी वाचली आणि म्हणाले, भयानक सूड आहे हा. आणि मग दडवून ठेवली नाही, छापायला लावली. आमच्या भिशीत या नवऱ्यावरच पाऊण तास चर्चा झाली, रोकेया राहिल्या बाजूला.

१९०९ला ते गेले. दोन मुली झालेल्या, त्या तान्ह्या असतानाच गेलेल्या. नवऱ्याने शाळेसाठी म्हणून दहा हजार रुपये वेगळे ठेवले होते, त्यातून पाचच महिन्यांत भागलपूरला मुलींची शाळा काढली, पाच मुली. सवतीच्या मुलीकडून नि जावयाकडून त्रास व्हायला लागला म्हणून गाव सोडून कोलकात्याला आली आणि १६ मार्च १९११ला परत शून्यापासून सुरुवात, वलिउल्ला लेनमधलं भाड्याचं घर, आठ मुली. बाई स्वतः जन्मात शाळेत गेलेली नव्हती. शाळा म्हणजे काय, वर्ग कसा चालतो, हजेरी कशी घेतात, हे बघायला ती दुसऱ्यांच्या शाळांमध्ये जाऊन बसायची. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले, कारण मला पहिल्या दिवशी जनरल रजिस्टर कसं लिहायचं ते शिकवायला निदान एक जुने क्लार्क होते, त्यांनी जन्मतारीख अक्षरात लिहायची हे चार वेळा सांगितलं होतं.

आता बसचं सांगते, हे या पुस्तकात नाही पण याच्याशिवाय माझा रिव्ह्यू अर्धा राहील. रोकेयांचं ‘अवरोधबासिनी’ म्हणून बंगाली पुस्तक आहे, १९३१चं, पडद्यातल्या बायकांचे ४७ खरे प्रसंग. माझी भाची कोलकात्यात असते, जावई बंगाली, त्यांनी रविवारी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं आणि भाची मध्ये मध्ये मराठीत सांगत होती. शेवटचा, ४७वा प्रसंग शाळेच्या मोटारीचा. मुली पडद्यातल्या, त्यांना घरून आणायचं म्हणजे बंद गाडी हवी. गाडी बनून आली तेव्हा बघतात तर चारही बाजूंनी बंद, फक्त पुढच्या नि मागच्या दाराच्या वर जाळीची एक पट्टी, तीन इंच रुंद नि अठरा इंच लांब, बाकी हवा जायला वाट नाही. पहिल्याच दिवशी मुलींना सोडून आलेल्या मोलकरणीने सांगितलं आत भट्टी आहे, पोरी ओकल्या, लहान पोरी अंधाराला भिऊन रडल्या. मग झडपा उघडून रंगीत पडदे लावले, तरी कुणी चक्कर येऊन पडली, कुणाचं डोकं दुखलं. ओळखीची एक हिंदू बाई भेटायला आली आणि म्हणाली, तुमची मोटार छान आहे हो, मला आधी वाटलं रस्त्याने कुणीतरी मोठं कपाट नेतंय, आणि माझा भाचा म्हणाला, आत्या बघ, चालतं ब्लॅक होल, म्हणजे चालती अंधारकोठडी. मुलींच्या आया येऊन म्हणाल्या पोरींना जिवंत पुरताय का. आणि त्याच संध्याकाळच्या टपालाने चार पत्रं, एक इंग्रजीत ‘ब्रदर-इन-इस्लाम’ अशा सहीचं, तीन उर्दूत, त्यातली दोन निनावी, एकावर पाच जणांच्या सह्या, मजकूर चारही पत्रांत एकच. तुमच्या गाडीचे पडदे वाऱ्याने उडतात, पडदा राहत नाही, उद्यापर्यंत बंदोबस्त झाला नाही तर उर्दू पेपरात छापू आणि मुली पाठवणं बंद.

भाची हे सांगत होती आणि मी इकडे हसत होते आणि मग हसता हसता थांबलेच. कारण पत्रं मी वाचलीत हो. आमच्या शाळेच्या बसचीच. खिडकी उघडी ठेवली तर धूळ येते, मुलीला सर्दी झाली, सही अमुक. खिडकी बंद ठेवली तर उकडतं, मुलीला उलटी झाली, सही तमुक, दोन्ही एकाच तारखेची, एकाच गल्लीतली. वर ‘मुली खिडकीतून बाहेर बघतात, टवाळ पोरं हात करतात, काचांना काळी फिल्म लावावी’ असं एक निनावी पत्र यायचंच दरवर्षी जूनमध्ये. एका वर्षी मॅनेजमेंटने खरंच लावली फिल्म, मग ट्रॅफिकवाल्याने दंड केला, मग काढली, मग परत पत्रं. ती फाइल ‘बस-किरकोळ’ या नावाने माझ्या कपाटात होती, जाडजूड. रोकेयांनी ती फाइल पुस्तकात घातली, एवढाच काय तो फरक. आणि त्या प्रसंगाच्या शेवटी त्या कुणाला शिव्या देत नाहीत, या जळक्या संसारात कशाला आले, पडद्याच्या घरात कशाला जन्मले अशा अर्थाच्या दोन ओळी म्हणून पुस्तक संपवून टाकतात.

त्या पुस्तकातला आणखी एक प्रसंग, भाचीने सांगू की नको करत सांगितला. किऊल स्टेशनात गाडी बदलताना नात्यातल्याच एक बाई, बुरख्यात पाय अडकून रुळांवर पडल्या. सोबतची मोलकरीण कुणा पुरुषाला हात लावू देईना, खबरदार बीबीसाहेबांना शिवाल तर, आणि तिला एकटीला त्या उचलवेनात. अर्धा तास गाडी थांबली आणि मग निघाली. अकरा तासांनी त्या बाई गेल्या. हे ऐकल्यावर ‘सुलतानाज ड्रीम’ मी परत वाचली, आणि आधी जिथे हसले होते तिथे या वेळी तेवढं हसू आलं नाही, त्या देशात बाई नुसती रस्त्याने चालते ना, तेवढ्या चालण्यासाठी केवढा खटाटोप केलाय लेखिकेने असं वाटत राहिलं.

म्हणून म्हणते नुसतं ‘ड्रीम’ वाचू नका. सगळीकडे तिचं कौतुक विज्ञानकथा म्हणून होतं, शंभर वर्षांपूर्वी सोलर नि हवेतली मोटार लिहिली वगैरे, ते आहेच. पण स्वप्न लिहिणारीने नंतर २१ वर्षं कोलकात्यात घरोघरी जाऊन, तुमची मुलगी पाठवा हो, पडदा मोडणार नाही हो, असं सांगत शाळा चालवली, स्वतः शेवटपर्यंत बुरखा घेतला कारण नाही घेतला तर मुली यायच्या नाहीत. १९१६ला मुसलमान बायकांची संघटना काढली, ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’, विधवांना मदत, गरीब मुलींना मदत, वस्तीत जाऊन लिहायला-वाचायला शिकवणं. (त्याच वर्षी आपल्याकडे कर्व्यांचं महिला विद्यापीठ निघालं.) ९ डिसेंबर १९३२ला गेल्या तेव्हा टेबलावर अर्धवट लेख होता, ‘नारीर अधिकार’, आदल्या रात्रीच लिहीत होत्या. शाळा अजून आहे, सखावत मेमोरियल, आता सरकारी.

हे सगळं ज्या पुस्तकात उतरलंय ते ‘पद्मराग’. खरं सांगते, कादंबरी म्हणून सुरुवातीला मला कंटाळा आला. जुन्या कृष्णधवल सिनेमासारखं आहे, दरोडे काय, गोऱ्या निळीच्या मळेवाल्याचे डाव काय, ओळख लपवलेली नायिका काय, आणि जखमी सापडलेला बॅरिस्टर नेमका कोण निघतो ते तुम्हाला तिसऱ्या भेटीतच कळेल. मधूनमधून भाषणंही आहेत. पण त्यात एक ‘तारिणी भवन’ आहे. तारिणी नावाच्या, ब्राह्मो समाजातल्या विधवा बाईने काढलेलं, तिथे शाळा, आजाऱ्यांसाठी इस्पितळ, विधवांना आसरा, कामाची शाळा, बायका शिवतात, सूत काढतात, पुस्तकं बांधतात, कुणी नर्सिंग शिकते, कुणी टायपिंग. हिंदू, मुसलमान, ब्राह्मो, ख्रिश्चन, एक गोरी मेमसुद्धा. आणि प्रत्येकीची गोष्ट निघते रात्री बोलता बोलता. रफियाचा नवरा विलायतेला, दहा वर्षं ही वाट बघतेय, आणि मग टपालाने येतो तो तलाकनामा. ती गोरी हेलन, तिला वाटायचं इंग्रजी कायदा म्हणजे न्याय, तर नवरा वेडा ठरलाय पण वेडेपणावरून घटस्फोट मिळत नाही. म्हणजे कुठल्याच धर्माची बाई सुटलेली नाही, आणि हे एका मुसलमान बाईने बंगालीत १९२४ला लिहिलंय, आपल्याकडे आता व्हॉट्सॲपवर दोन्हीकडचे लोक एकमेकांच्याच बायकांची काळजी करत असतात तेव्हा हे वाचावं.

आता शेवट फोडतेय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. नायिका सिद्दिका, तिचं लहानपणी लग्न लावून दिलेलं, मग इस्टेटीवरून सासरच्यांनी तिला नाकारलेलं आणि नवऱ्याचं दुसरं लग्न केलेलं. पुढे योगायोगाने तोच माणूस समोर येतो, चांगला आहे, प्रेमही बसतं, आणि तो म्हणतो आता चल. मी आपली वाट बघत होते की आता जाईल, सगळं गोड होईल. तर ती नाही जात. म्हणते संसार हेच काही बाईच्या जन्माचं एकच ध्येय नाही, हे मला दाखवायचंय. आमच्या भिशीत यावर दोन तट पडले, चौघी म्हणाल्या फार झालं, बिचारा चांगला होता, आणि तिघी म्हणाल्या बरोबर केलं. वडे गार झाले. मी तिघींतली.

कुणाला वाटेल असं सगळं बंगालातच झालं, तर तसंही नाही, आपल्या काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ १९२८ची, त्यातही बाईच्या हातात संस्थानाचा कारभार येतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला मजा येईल, भिशीत पुढचं पुस्तक म्हणून मी ते सुचवलंय.

प्रत नंबर तीन ताराबुक्सची, चेन्नईची, यात फक्त ‘सुलतानाज ड्रीम’ आहे पण चित्रं दुर्गाबाई व्याम यांची, गोंड शैलीतली. ‘भीमायन’ हे डॉ. आंबेडकरांवरचं चित्रपुस्तक पाहिलं असेल तर त्याची चित्रं याच बाईंची आणि त्यांच्या नवऱ्याची, सुभाष व्याम यांची. मी ती भाचीच्या मुलीसाठी घेतली, ती नऊ वर्षांची आहे, पण दोन दिवस मीच सोडली नाही. गोंड चित्रात सगळं अंग बारीक ठिपक्या-रेघांनी भरलेलं असतं ना, नुसतं एक पान घेऊन बसलं तरी नजर फिरत राहते. लहान मुलीला वाचून दाखवायला उत्तम, तिने एकच प्रश्न विचारला, पुरुषांना बाहेर यायचं असेल तर ते कुणाला अर्ज करतात. या प्रश्नाचं उत्तर रोकेयांकडे नाही, आणि ही माझी खरी तक्रार आहे गोष्टीबद्दल, की त्या देशात कोंडलेल्यांपैकी एकाचंही तोंड उघडत नाही. शिवाय राणी, प्रिन्सिपल, विद्यार्थिनी सगळ्या आहेत, पण रस्ते कोण झाडतं ते नाही. स्वप्न आहे म्हणून सोडून देता येईल, मी पूर्ण सोडलं नाही.

स्टार द्यायचे तर पेंग्विनला साडेचार, अर्धा चष्म्यासाठी कापला. ताराबुक्सला पाच, पण ते दुसरं पुस्तक म्हणून घ्या, पहिलं नको. घागऱ्याच्या प्रतीला एक, तोही गोष्टीला, छापणाऱ्याला शून्य.

आता तो राहिलेला घोटाळा. मार्चच्या भिशीत मी सगळ्यांना सांगितलं की गोष्टीचा शेवट फार सुंदर आहे, सुलताना राणीला भेटते, विद्यापीठं बघते, कारखाने बघते आणि परत हवेतल्या मोटारीत बसते, आणि संपलं, म्हणजे ती परत येतच नाही. सगळ्यांना ते आवडलं, एकीने तर टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात पेंग्विनची प्रत आली तेव्हा कळलं की माझ्या प्रतीत शेवटचं वाक्य छापलेलंच नव्हतं. खरी गोष्ट अशी की मोटार हलते न हलते तोच तिचा तोल जातो, ती खाली पडते, दचकून जागी होते आणि बघते तर आपल्याच खोलीत, त्याच आरामखुर्चीत. मी भिशीच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली, दोघींनी फक्त अंगठा दिला. विक्रेत्याकडे तक्रार केली, बऱ्याच मेलामेलीनंतर पैसे परत आले आणि वर म्हणाले प्रत तुमच्याकडेच ठेवा. ठेवलीय. दुपारी बसून सगळ्या पानांना लाल पेनाने नंबर टाकले, पहिल्या पानावर एकूण पानांचा दाखला लिहून खाली सही केली. शेवटच्या पानावर ते राहिलेलं वाक्य लिहायला पेन उघडलं होतं, पण मग टोपण लावून टाकलं. त्या प्रतीत ती अजून वरच आहे.